फिंचच्या पिंजऱ्याचा तळ : प्रकल्प नोंदी

२ मे २०२५

पिंजऱ्याच्या तळाला काय अंथरायचं हे मिरगाच्या आत ठरवायचं आहे. एकदा पाऊस लागला की कोल्हापुरात ओलं झालेलं काही लवकर वाळत नाही, आणि पिंजऱ्याचा तळ तर रोज ओला होतो.

पिंजरा तीन फूट लांब, दीड फूट रुंद. खाली ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे आणि त्याच्यावर तारेची जाळी. आत झेब्रा फिंच या चिमणीहूनही लहान, दाणे टिपणाऱ्या पक्ष्याच्या दोन जोड्या आणि बेंगॉलीज या त्याच्याच कुळातल्या फिंचची एक. आज पहिलं काम केलं ते जाळी काढून ठेवण्याचं. पक्ष्यांचे पाय विष्ठेत जाऊ नयेत म्हणून जाळी देतात, हे खरं. पोपटाला ती चालत असेल, फिंचला नाही. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला. तिथं तो थव्यानं जमिनीवर उतरतो आणि गवताचं गळलेलं बी टिपतो. पिंजऱ्यातही तेच. वाटी राळ्याच्या दाण्यांनी भरलेली असली तरी सांडलेलं वेचायला खाली येणारच. जाळी असली की बी तिच्याखाली जातं आणि पक्षी वरून माना वाकड्या करून बघत राहतात. पायाची बोटं तारेत अडकायची भीती वेगळीच.

म्हणजे तळ हे या पक्ष्यांचं ताट आहे. हे धरून चाललं की "किती दिवस टिकतं" आणि "किती शोषून घेतं" हे प्रश्न मागं पडतात. त्यावर पडलेला दाणा खाण्याजोगा राहतो का, त्यातलंच काही पोटात गेलं तर काय, धूळ उडते का, आणि सकाळी बघितल्यावर रात्रभरात काय झालं ते कळतं का, हे आधी बघायला हवं.

५ मे

टिंबर मार्केटमधल्या वखारीत गेले. लाकडाचा भुसा पोत्यानं मिळतो, स्वस्त पडतो, म्हणून बरेच जण तोच घालतात. पोत्यात कोणकोणतं लाकूड आहे असं विचारलं. वखारवाले काका म्हणाले, "सागाचं असतंय, बाभळीचं असतंय, प्लायवूड कापलं तर त्याचंबी त्यातच पडतंय की." साग आणि शिसवाचा बारीक भुसा रोज हाताळणाऱ्या सुतारांच्याच कातडीला आणि छातीला बाधतो. प्लायवूडच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन असतं. साधारण बारा ग्रॅम वजनाच्या पक्ष्यापुढं हे पसरायचं नाही.

रंध्यातून निघालेले पाइनचे छिलके दिसायला छान होते, पांढरे आणि वळलेले. हे पाइन येतं बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत उतरलेल्या यंत्रांच्या खोक्यांतून. अशा परदेशी खोक्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात "एचटी" अक्षरं असली तर लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं, "एमबी" असली तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. पण खोक्यावर रंधा फिरला की शिक्काही गेला. छिलक्यांच्या ढिगात कुठला तुकडा कुठल्या खोक्याचा, कोण सांगणार? शिवाय पाइनचा तो राळेचा, म्हणजे लाकडातल्या चिकाचा, वास माणसाला आवडतो, पण पक्ष्यांच्या श्वासाला तो नकोच. भट्टीत वाळवलेल्या पाइनमध्ये वासाची द्रव्यं बरीच उडून गेलेली असतात. वखारीतलं पाइन तसं वाळवलेलं आहे याची खात्री देणारं कुणी नाही.

लाकूड रद्द. परदेशात लोक अॅस्पेनचे छिलके वापरतात, ते लाकूड बिनवासाचं म्हणून. इथं ते मिळत नाही आणि मागवण्याइतकं त्यात काही नाही.

७ मे

कागलजवळ मामांच्या पोल्ट्रीवर. मी काय शोधतेय ते सांगितल्यावर मामा हसले. "अगं, तूस घाल की. माझी सगळी पिल्लं तुसाच्या गादीवरच वाढत्यात."

तूस म्हणजे भाताचं टरफल. आजरा, गगनबावडा, भुदरगडकडच्या भातगिरण्यांतून ट्रॉलीनं येतं. शेडमध्ये मामा ते दोन-अडीच इंच पसरतात, वर चुना मारतात आणि दिवसाआड दाताळ्यानं हलवतात. गादी किती ओली आहे हे बघायची त्यांची रीत मला फार आवडली. मूठभर तूस घट्ट दाबायचं आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. जरा धरून मग सुटला तर बरोबर. हाताला लागलंच नाही आणि नुसतं भुरभुरलं तर फार कोरडं, मग धूळ उडते. पुस्तकात याला वीस ते पंचवीस टक्के ओलावा म्हणतात. मामांना टक्के लागत नाहीत.

गादीचं शास्त्र त्यांनी नीट समजावलं. पक्ष्याच्या विष्ठेतलं पांढरं म्हणजे युरिक आम्ल. ते कोरडं असलं तर शांत पडून राहतं. ओल लागली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरले की मामा आधी पाण्याच्या निपलची गळती शोधतात, तूस नंतर बदलतात.

हे सगळं पटलं, तरी तूस मला घ्यायचं नाही, आणि त्याचं कारण मामांच्याच हिशेबात आहे. ब्रॉयलर चाळीसेक दिवसांत दोन किलोचा होऊन गाडीत चढतो. धुळीनं त्याच्या फुप्फुसाचं काय व्हायचं असेल ते व्हायला सवडच मिळत नाही. माझे पक्षी पाच-सात वर्षं जगावेत अशी माझी इच्छा आहे. मामांना हे सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, "ते खरं हाय. आमची गादी बॅचपुरती."

१० मे

धुळीची चाचणी. दुपारी खिडकीतून कवडसा येतो, त्यात प्रत्येक नमुना पिठाच्या चाळणीत घेऊन सारखाच हलवला. खाली काळी पाटी ठेवली होती.

तुसाचा धूर उभा राहिला आणि बराच वेळ खाली बसला नाही. नारळाच्या भुशाचंही तेच, म्हणजे कुंडीला घालतात त्या कोकोपीटचं. मक्याच्या कणसाचे दाणेदार तुकडे, जे दुकानात "कॉर्न कॉब" म्हणून विकतात, त्यांची धूळ मला वाटली होती त्यापेक्षा कमी निघाली. बांधकामावरची वाळूही चाळली. हल्ली मिळते ती क्रश सँड, म्हणजे दळलेला काळा दगड. पाटीवर तिची करडी पूड बसली, बोटाला टोचणारी. कागद झटकला तर काहीच नाही, अर्थात.

धुळीवर इतका भर का, ते लिहून ठेवते. आपण श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि सोडला की बसतं. पक्ष्याचं फुप्फुस जवळजवळ ताठ असतं, फुगत नाही. त्याला जोडलेल्या हवेच्या पिशव्या (बहुतेक पक्ष्यांत ९) भात्याचं काम करतात आणि ताजी हवा फुप्फुसातून एकाच दिशेनं वाहत राहते. त्यामुळे आत घेताना आणि सोडतानाही प्राणवायू मिळतो. उडण्यासाठी ही रचना अप्रतिम आहे. पण हवेत जे असेल तेही तितक्याच कार्यक्षमतेनं आत जातं, आणि पिशव्यांमध्ये जाऊन बसलेली बुरशी बाहेर काढायला पक्ष्याकडे आपल्यासारखा जोरकस खोकला नाही. त्यात फिंच सतत पंख फडफडवतात. तीन फुटी पिंजऱ्यात सहा पक्षी एकदम उडाले की तळावरचं सगळं त्यांच्याच नाकाशी येतं.

तुसाचा आणखी एक दोष पाटीवर भिंगातून दिसला. टरफलाची टोकं सुईसारखी आहेत. तुसाच्या वजनात १५ ते २० टक्के सिलिका असते, म्हणजे जवळजवळ काचच.

१४ मे

दोन गोष्टी चाचणीशिवायच बाद केल्या.

भुईमुगाची टरफलं. इथं पोत्यानं मिळतात. पण भुईमूग आणि अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी यांचं नातं जुनं आहे, आणि त्याची पहिली मोठी किंमत पक्ष्यांनीच मोजली. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की मेले. शोध घेतल्यावर त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली भुईमूग पेंड सापडली. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष माहीत झालं. टरफलाला चिकटलेला एखादा बुरसटलेला दाणा फिंचनं टोचला तर? नकोच.

उसाचा बगॅस, म्हणजे रस काढून उरलेला चोथा. आमच्याकडं साखर कारखाने इतके की तो फुकटही मिळेल. ताजा असताना मऊ, शोषून घेणारा, दिसायला निरागस. पण साठवलेला ओलसर बगॅस आतून तापतो, त्यात जंतू वाढतात आणि त्याची धूळ श्वासात गेली की होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला नावच बगॅसोसिस आहे. तो माणसांना होतो, धडधाकट कामगारांना.

१८ मे

कॉर्न कॉबवर एक पूर्ण नोंद द्यायला हवी, कारण पक्ष्यांच्या दुकानात पहिला सल्ला याचाच मिळतो. पाकीट नेटकं, रंग सुंदर, वास नाही, आणि "आठवडाभर बघायला लागत नाही" हे आश्वासन.

बेंगॉलीजच्या जोडीला दोन तासांसाठी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, तळाला कॉब, समोर मी. नर उतरला आणि त्यानं तुकडे उचलायला सुरुवात केली. उचलायचा, चोचीत फिरवायचा, टाकायचा. फिंच बी सोलून खातात, म्हणून प्रत्येक गोष्ट चोचीत फिरवून बघणं हा त्यांचा स्वभावच. गिळताना दिसला नाही, पण राळ्याएवढा बारीक तुकडा मला लांबून दिसलाही नसता. पोटात गेलेला कॉब ओलाव्यानं फुगतो आणि अन्नाची वाट अडवू शकतो. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा याहून वाईट, कारण त्याच्या कडा धारदार असतात.

त्याहून मोठा आक्षेप म्हणजे आठवडाभर न बघण्याचं ते आश्वासन. वरचा थर कोरडा दिसत राहतो आणि विष्ठा खाली सरकते. सांडलेले राळे, वरई, काकडीचा तुकडा, आंघोळीचं पाणी, सगळं त्या दाण्यांच्या फटीत जातं. दिसत नाही म्हणून स्वच्छ वाटतं.

२२ मे

काथ्या आणि गोणपाट. कोकणातून आलेला स्वच्छ काथ्या घरात होता. चादरीसारखा थापून अंथरता येईल असं वाटत होतं.

झेब्राच्या थोरल्या नरानं मिनिटभरात एक धागा ओढून काढला आणि तो घेऊन दांडीवर गेला. मग दुसरा. मादीपुढं शेपूट हलवत गाणं सुरू. तळ तसाच काढून घेतला.

हे गोड दिसतं, आणि म्हणूनच नीट समजून घ्यायला हवं. झेब्रा फिंचच्या मुलखात पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. पाऊस आला, गवत उगवलं, बी धरलं की हा पक्षी ऋतूची वाट न बघता घरटं बांधतो. पिंजऱ्यात दाणापाणी बारा महिने भरपूर. त्यात पायाखाली घरट्याचं साहित्य अंथरलं, की त्याला हंगाम संपल्याची खूणच मिळत नाही. मादी चार-सहा अंडी घालते, ती काढली की पुन्हा घालते. प्रत्येक अंड्याच्या कवचाचं कॅल्शियम तिच्याच शरीरातून जातं. शेवटी अंडं अडकतं, आणि अंडं अडकलेली फिंच मादी काही तासांत हातची जाऊ शकते. म्हणून तळाला धागा, गवत, कागदाच्या पट्ट्या यांतलं काहीही नको. घरट्याचं साहित्य द्यायचं ते आपण ठरवू तेव्हाच.

टॉवेल, जुनं सुती कापड, गोणपाट हेही याच कारणानं नको. शिवाय सुटलेला दोरा पायाला गुंडाळला की तो आवळत जातो. बोट काळं पडेपर्यंत लक्षात येत नाही. कपडे वाळत घालायच्या खोलीत पिंजरा ठेवणाऱ्यांनी केसांचंही बघावं. माणसाचा लांब केस फिंचच्या पायाला दोऱ्याइतकाच कापतो.

२६ मे

यंदा पाऊस मिरगासाठी थांबला नाही. काल, २५ तारखेलाच, मान्सून महाराष्ट्रात दाखल झाल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. इथं तर त्याच्या आधीपासूनच झोडपतोय. मला चाचणीला हवी तशी हवा आयतीच मिळाली.

उरलेल्या नमुन्यांचे डबे भरले. तूस, कोकोपीट, कॉब, आणि कोऱ्या कागदाचा एकावर एक रचलेला गठ्ठा. प्रत्येकात थोडं पाणी आणि चिमूटभर राळे, झाकण किलकिलं. डबे मागच्या पडवीत, पक्ष्यांपासून लांब. उघडताना मास्क लावायचा आणि बाहेरच उघडायचं, हे घरात सगळ्यांना बजावलंय.

३ जून

डबे उघडले. कॉब वरून कोरडा, पण चमच्यानं उकरल्यावर तळाशी पांढरी जाळी. राळ्याच्या दाण्याभोवती ती जास्त दाट. कोकोपीट भिजून काळं पडलेलं, त्यावर हिरवट ठिपके. तुसाला कुबट वास. कागदाच्या गठ्ठ्यालाही बुरशी आली, आतल्या घड्यांमध्ये.

कागदाचा हा निकाल महत्त्वाचा वाटतो. कागदाला बुरशी येत नाही असं मुळीच नाही. पण कागद पिंजऱ्यात एक दिवस राहणार आणि सुट्या वस्तू आठवडाभर. सुटी वस्तू रोज बदलणं कुणाला परवडणार नाही, कागद रोज बदलणं सहज जमतं. पाच-सहा पदर एकदम अंथरून रोज वरचा काढायचा, ही पद्धत बरेच जण सांगतात. पावसाळ्यात ती नको. पाणी झिरपून खालचे पदर ओले राहतात. एक दिवस, एक पदर.

८ जून

आता कोणता कागद?

वर्तमानपत्र घरात येतंच, आणि वर्षानुवर्षं लोकांनी ते वापरलंय. लाकडाचा भुसा किंवा कॉब यांच्यापेक्षा ते नक्कीच बरं, हे स्पष्ट लिहिते. पण ओल्या पांढऱ्या फडक्यानं छापील पान पुसलं तर फडकं काळं होतं. वर्तमानपत्राची शाई भट्टीत वाळवलेली नसते. तिच्यातलं तेल कागदात मुरतं आणि काजळी वर राहते, म्हणून ती हाताला लागते. भजी, वडापाव वर्तमानपत्रात बांधू नका असं एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये बजावलं आणि २०१८ च्या वेष्टनांच्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला, ठेवायला मनाईच केली. माणसाच्या वडापावला जे चालत नाही ते रोज त्याच पानावरून दाणे टिपणाऱ्या पक्ष्याला कशाला? रंगीत पुरवणी तर नाहीच. तिचा गुळगुळीत कागद पाणीही पीत नाही.

खाकी कागद मजबूत आहे, पण पाणी वर थबथबतं, आणि त्याच्या रंगावर विष्ठेचा काळा भाग दिसतच नाही. बटर पेपरवर तर सगळं ओलं तसंच राहतं, पक्षी त्यात चालतात. टिश्यू मऊ, पण नरानं तो फाडून घरट्यात न्यायला घेतला. दुकानांची बिलं ज्यावर छापतात तो थर्मल कागद कुणी चुकूनही वापरू नये, त्याच्या लेपात बिस्फेनॉल हे घातक रसायन असतं.

शेवटी हातात राहिला कोरा न्यूजप्रिंट. तोच वर्तमानपत्राचा कागद, छपाईआधीचा. छापखान्यात रिळाच्या गाभ्याशी थोडा कागद उरतो, तो यंत्रावर चढत नाही आणि किलोवर विकला जातो. लक्ष्मीपुरीजवळच्या एका छापखान्यात मागितला तर त्यांनी गुंडाळीच काढून दिली. पाणी लगेच पितो, धूळ नाही, वास नाही. आणि एक गुण मला कागद अंथरल्यावरच कळला. हा पांढराशुभ्र नसतो, किंचित राखाडी-पिवळसर असतो. त्यामुळे विष्ठेचा काळा-हिरवा भागही उठून दिसतो आणि पांढरा भागही. भोवतीच्या पाण्याचं कडंही स्वच्छ दिसतं. चकचकीत पांढऱ्या कागदावर पांढरं हरवतं, खाकीवर काळं. यावर तिन्ही दिसतात.

हिशेब असा. कागद ४५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५ ग्रॅम. ९० बाय ४५ सेंटिमीटरचं एक पान साधारण १८ ग्रॅम भरतं, म्हणजे किलोत पंचावन्न पानं. रोज एक पान धरलं तर किलोभर कागद जवळजवळ दोन महिने पुरतो. कॉबचं पाकीट याच्या जवळपासही येत नाही.

१४ जून

बेंगॉलीजची मादी दोन दिवस फुगून बसत होती, म्हणून पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य, "ताई, पक्षी आणताना कालचा आणि आजचा तळाचा कागदही घेऊन या."

कागद टेबलावर पसरून त्यांनी जे दाखवलं ते इथं लिहून ठेवते. चांगल्या विष्ठेत गडद भाग घट्ट, वळलेला, त्यावर पांढरी टोपी आणि पाण्याचा अगदी थोडा ओलावा. गडद भाग नुसता पातळ हिरवा रेघोटीसारखा आला तर पक्षी नीट खात नाहीये, पित्तच बाहेर पडतंय. डांबरासारखी काळी विष्ठा म्हणजे वरच्या आतड्यात रक्त. अख्खे दाणे तसेच पडले तर पचनाचा आजार. काकडी किंवा कोथिंबीर दिल्यावर किंवा आंघोळीनंतर पाणी जास्त दिसणं साहजिक. अंड्यावर आलेल्या मादीची विष्ठा मोठी येते, तेवढ्यानं घाबरायचं नाही.

आमच्या मादीचं तेच निघालं. अंड्यावर होती. कॅल्शियम वाढवलं, समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) ताजा तुकडा लावला, घरटं काढून ठेवलं.

२० जून

ट्रेकडे वळले. पत्र्यावर जस्ताचा मुलामा आहे आणि कोपऱ्यांत पांढरी भुकटी धरलीय. फिंचनं ती टोचली तर जस्ताची विषबाधा होऊ शकते. नव्या गॅल्व्हनाइज्ड जाळीमुळे पक्षी मरण्याचे प्रकार पक्षीपालकांना चांगले माहीत आहेत. ट्रे आणि जाळी दोन्ही व्हिनेगर आणि ताठ ब्रशनं घासून, भरपूर पाण्यानं धुऊन, उन्हाची तिरीप आली तेव्हा वाळवली. व्हिनेगरच्या कामात ब्लीच पावडर कधीही मिसळायची नाही, क्लोरीन वायू सुटतो.

पान ट्रेपेक्षा थोडं मोठं कापायचं आणि कडा वर दुमडायच्या, म्हणजे पत्रा उघडा राहत नाही. आंघोळीची वाटी असते त्या कोपऱ्यात वेगळं लहान पान, ते दुपारी बदलायचं. वाटी कायम ठेवायची नाही. सकाळी तासभर ठेवली की सगळे नाहून घेतात आणि तळ दिवसभर कोरडा राहतो. मामांच्या शेडमधली गळतीची गोष्ट इथं उपयोगी पडली.

११ जुलै

पंचगंगा पात्राबाहेर. घरात मीठ पाघळलंय, कागदही हाताला गार लागतो. या दिवसांत पान सकाळ-संध्याकाळ बदलतेय. गुंडाळी लोखंडी कपाटात, शेजारी कोळशाचा वाडगा. डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवायच्या नाहीत. त्यांचा वास कागदात उतरतो आणि तो कागद पक्ष्यांखाली जातो.

लाल गोचिडीची तपासणी केली. हा किडा दिवसा फटीत लपतो आणि रात्री पक्ष्यांचं रक्त पितो. पक्षी रात्री अस्वस्थ, सकाळी मलूल, एवढंच आपल्याला दिसतं. दिवे मालवल्यावर दोन तासांनी टॉर्च लावून दांडीची टोकं आणि ट्रेची खाच बघितली, सकाळी कागदाच्या दुमडीत बघितलं. मिरीएवढाही नाही, खसखशीएवढा ठिपका, रक्त पिऊन लाल. काही नव्हतं. एकच पदर ठेवण्याचा हाही फायदा, त्याला लपायला घड्या मिळत नाहीत.

शेजारच्या काकूंनी मुंग्यांसाठी खडूची रेघ ओढायला सुचवलं. तो खडू कीटकनाशकाचा असतो, पिंजऱ्याच्या आसपास नकोच. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. काकूंनीच विचारलं, या मुनिया का? मुनियांच्याच कुळातल्या, पण रानातल्या नव्हेत, पिंजऱ्यातच पैदास झालेल्या. इथल्या रानातल्या मुनिया पकडून पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे, हे त्यांना सांगितलं.

९ ऑगस्ट

कागदावर उकरायला काही नाही, ही एक उणीव मला टोचत होती. जमिनीवर टिपणाऱ्या पक्ष्याला नुसतं सपाट पान पुरत नाही. मातीच्या पसरट परळात मूठभर राळे, नाचणी आणि उकळून वाळवलेल्या अंड्याच्या कवचाचा चुरा मिसळून पानाच्या मधोमध ठेवला. दांडीच्या थेट खाली नाही, नाहीतर त्यात विष्ठा पडते. संध्याकाळी उरलेलं टाकून परळ धुवायचा. सगळे त्याभोवती गोळा होतात, एकमेकांना चोची मारत नाहीत, आणि बाकीचं पान स्वच्छ राहतं. हे कायम ठेवतेय.

१६ ऑक्टोबर

दिवाळीत चार दिवस आम्ही गावी. पुतणी घर सांभाळणार आहे. तिच्यासाठी लिहिलेला कागद इथंही उतरवते.

सोनू, सकाळी पान काढायच्या आधी ते नुसतं बघायचं. दांडीखाली रोज जिथं विष्ठेचे ढीग पडतात तिथं ते आहेत का? एखादी जागा एकदम मोकळी दिसली तर तिथं बसणारा पक्षी रात्री कुठं होता ते शोध. राळ्याची टरफलं पानावर पसरलेली दिसायला हवीत, म्हणजे पक्षी खाताहेत. वाटीत वर टरफलंच साचतात आणि वाटी भरलेली वाटते, म्हणून फुंकर मारून खाली दाणे आहेत का ते रोज बघ. पानाचा फोटो काढून मला पाठव, मगच ते दुमडून ठेव आणि आदल्या दिवशीचं टाक. नवं पान घालायच्या आधी ट्रे कोरड्या फडक्यानं पूस. पाणी लावलंस तर पूर्ण वाळल्याशिवाय कागद घालू नकोस. फटाक्यांच्या वेळी पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, एक मंद दिवा चालू. अंधारात घाबरून उडाले तर जखमी होतात.

दोन पक्ष्यांची जागा मोकळी दिसली किंवा हिरवं पातळ काही दिसलं तर डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर आहे, आधी त्यांना फोन कर, मग मला. आणि तेव्हा कालचा आणि आजचा, दोन्ही कागद टाकू नकोस, डॉक्टर मागतील.